तुम्ही विचारलंत म्हणून: बग्गीला कुठलं इंजिन टाकू?

शेतात नाहीतर माळावर पळवायला घरच्या घरी बग्गी बनवणारी पोरं, आणि आता पन्नाशीतली हौशी मंडळीही, मला एकच प्रश्न विचारतात: "इंजिन कुठलं टाकू?" पल्सरचं, मारुती ८००चं, की भंगारात आलेल्या एखाद्या मोठ्या कारचं? मी आधी विचारतो, ठेवणार कुठे? कारण इंजिन हीच बग्गीतली सगळ्यात जड वस्तू, आणि ती कुठे बसते यावर गाडी वळणार की नाही हे ठरतं. किती हॉर्सपॉवर, हा प्रश्न त्यानंतरचा.

हिशेब करून बघा. समजा बग्गी ड्रायव्हरसकट ५०० किलोची आहे, दोन्ही एक्सलमधलं अंतर २ मीटर, आणि इंजिन-गिअरबॉक्स मिळून १०० किलो. हे धूड मागच्या एक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढे बसवलं तर त्यातले १५ किलो पुढच्या चाकांवर पडतात. तेच एक्सलच्या ३० सेंटीमीटर मागे टांगलं तर पुढच्या चाकांवरचे १५ किलो उलट कमी होतात. म्हणजे एका गाडीत पुढे १८० किलो असतील तर दुसरीत १५०. सपाटीवर हा फरक जाणवत नाही. ३० अंशांच्या चढाला लागा. गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर असला तर चढावर पुढचं जवळपास ७० किलो वजन मागे सरकतं, आणि तिरप्या जमिनीवर चाकांचा एकूण दाबही तेरा-चौदा टक्क्यांनी कमी होतो. पहिल्या गाडीच्या पुढच्या चाकांवर ८५ किलोच्या वर दाब उरतो, दुसरीच्या जेमतेम ६०. त्यात क्लच झटक्यानं सोडला की तोंड वर. मागे जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते, तसंच हे. फक्त इथे जुवाला धरून ठेवायला बैल नसतात, आणि स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

"मग ती परदेशातली बग्गी मागे इंजिन घेऊन कशी पळते?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. ब्रूस मेयर्सनं कॅलिफोर्नियात १९६४ साली पहिली मेयर्स मँक्स बनवली, ती फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर. बीटलचं इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे असतं, हे खरं. मँक्सनं १९६७ साली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियातली पहिली मेक्सिकन १००० शर्यतही जिंकली. पण ते इंजिन हवेवर थंड होणारं, हलक्या मिश्रधातूचं, आडवं आणि बुटकं होतं, आणि गाडी पळायची वाळूत. वाळूत मागची चाकं दाबली जायला हवीत आणि पुढची तरंगायला हवीत. आपल्याकडे मुरूम, दगड आणि ओढ्यांचे उभे काठ. त्या गाडीचा आराखडा जसाच्या तसा उचलून त्यात पाण्यावर थंड होणारं लोखंडी इंजिन टांगू नका.

मला स्वतःला मारुती ८००चं इंजिन आवडतं: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पार्ट्स तालुक्याच्या गावातही मिळतात. आणि ते मुळात फ्रंट व्हील ड्राइव्हचं, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) सगळा एकच जुडगा. तो उचलून न फिरवता मागे ठेवला तर इंजिनाचं वजन आपोआप मागच्या एक्सलच्या पुढे, सीटच्या पाठीशी येतं. ज्या जागेसाठी वरचा सगळा हिशेब केला, ती जागा फुकटात मिळते. फिरवलात तर मात्र वजन मागे लटकेल आणि गाडीला चार रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर मिळेल. पुढची नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, मागे आली की तिचं वळणं बंद करावं लागतं: स्टेअरिंगचे टाय रॉड, म्हणजे चाक ओढणाऱ्या दांड्या, चेसिसला पक्के बांधायचे, पण टोकाला आटे ठेवायचे, म्हणजे चाकं सरळ लावता येतात. रेडिएटर पुढे नेलात तर तेवढंच वजन पुढे जातं. पाइप लांब होतात, म्हणून हवा काढायला सगळ्यात उंच जागी एक बूच ठेवा. बॅटरीही पेडलच्या पुढे. चढच चढ असतील तर कार्ब्युरेटरपेक्षा एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारणारं इंजेक्शनवालं इंजिन, घ्या. वायरिंगचा व्याप वाढतो, पण तिरप्या गाडीत कार्ब्युरेटरमधल्या तरंगत्या फ्लोटची कुरकुर राहत नाही.

बाइकचं इंजिन हलकं असतं, पण रिव्हर्स नाही, आणि सीटमागे वारा लागत नसल्यानं तापतं. शिवाय चेन बहुतेक जण अखंड एक्सलला जोडतात. डिफरन्शियल नसल्यानं दोन्ही मागची चाकं सारखीच फिरतात आणि गाडीला सरळ रेटतात. पुढे वजन कमी असेल तर अशी गाडी वळतच नाही. पोरांसाठी सावकाश चालणारी बग्गी करायची असेल तर मागे इंजिन असलेल्या रिक्षाचा सांगाडा बघा: डिफरन्शियल, रिव्हर्स आणि थंड करायला पंखा, सगळं त्यात आहे.

ताकदीचा मोह आवरत नसेल त्यांनी बाहा एसएईइंडिया या स्पर्धेतल्या गाड्या बघाव्यात. २००७ पासून मध्य प्रदेशात पिथमपूरला इंजिनिअरिंगची पोरं ही स्पर्धा करतात, पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे संघही त्यात असतात. तिथली पेट्रोलवरची गाडी १० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या एका सिलिंडरवर चढ, खड्डे, चिखल पार करते. इंजिन सगळ्यांना सारखंच, म्हणून ती पोरं ग्रॅम-ग्रॅम वजनासाठी भांडतात.

आणि ही गाडी फक्त खाजगी जमिनीवर, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा) आणि सीटच्या पट्ट्यासकट. तिचं आरटीओ पासिंग होत नाही.

आता कामाचं. इंजिनाच्या माउंटिंगला आधी नुसते टाके मारा, पूर्ण वेल्डिंग नको. धान्याच्या किंवा भंगाराच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणा. एका चाकाखाली काटा, बाकी तिघांखाली तेवढ्याच उंचीच्या विटा, ड्रायव्हर सीटवर, टाकीत पेट्रोल. चारही चाकांची वजनं पाटीवर लिहा. पुढे एकूण वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास आलं तर मी खूश असतो. ३५च्या खाली गेलं तर टाके तोडा, इंजिन पुढे सरकवा, सीट पुढे घ्या, आणि पुन्हा काट्यावर चढवा.