फुकटच्या प्रवेशिकेची रांग आणि थोडा ललित

दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला तिकीट असतं ना, तर मी मुकाट्याने पैसे मोजून मोकळी झाले असते. पण आमच्या डोंबिवलीत बरेच कार्यक्रम ‘विनामूल्य, प्रवेशिका आवश्यक’ या जातीचे. ती प्रवेशिका कशी मिळते ते लिहून ठेवते, कारण गेल्या दिवाळीचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

वर्तमानपत्रात छोटी चौकट आली होती. प्रवेशिका पूर्वेच्या एका कापड दुकानात, सकाळी 10 ते 12, एका व्यक्तीस दोन. आता दिवाळीच्या तोंडावर कापडाच्या दुकानात काय गर्दी असते ते सांगायला नको. गिऱ्हाइकाला “या, बसा, पाणी घ्या” आणि आम्हाला “ओ काकू, काचेला टेकू नका.” रांग जिन्यावरून फुटपाथवर आली. तेव्हा एका निवृत्त काकांनी पिशवीतून पाठकोरी वही काढली आणि ज्याला त्याला नंबर दिला. काम चोख होतं, खोटं का बोलू? तेवढ्यात दुकानातला पोरगा बाहेर येऊन म्हणाला, “वहीबिही चालणार नाही, उभं राहाल तशी रांग.” जे नंबर लावून चहाला गेले होते ते परत आले आणि मग जे व्हायचं ते झालं.

बरं, प्रवेशिका देणारे गृहस्थ दुकानातले नव्हतेच. ते आयोजकांपैकी, आणि त्यांचा पत्ता नाही. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. आले तेव्हा हातात बारीकसा गठ्ठा. प्रत्येक प्रवेशिकेवर शिक्का मारायचा होता आणि शाईचं पॅड वाळून खडंग झालेलं. त्यांनी बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं, बोटाने चोळलं, मग शिक्का उठायला लागला. फिका जांभळा, अर्धाच. वर आधार कार्डाची झेरॉक्स हवी, जे चौकटीत कुठेच छापलं नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याची दिवाळी तिथेच साजरी झाली. मी प्रत काढून आले, पुन्हा रांगेत शिरले (वहीवाल्या काकांनी माझी जागा धरली होती, त्यांचं भलं होवो), आणि माझ्यापुढे चारदोन माणसं असताना गृहस्थ उठले. “संपल्या. बाकीच्या सभासदांच्या आहेत.”

मला गाण्याचं एवढं वाईट वाटलं नाही, जेवढं त्या ‘संपल्या’च्या सुराचं वाटलं. जणू मी त्यांच्या घरी उसनं मागायला गेले होते.

प्रवेशिका अखेर मिळाल्या त्या झेरॉक्सवाल्यामुळे. तोच म्हणाला, “ताई, आदल्या दिवशी संध्याकाळी या. सभासद नेत नाहीत त्या सगळ्या दुकानात परत येतात.” गेले. काउंटरवर प्रवेशिकांचा ढीग पडलेला, रांग नाही, आधार नाही, शिक्कासुद्धा नाही. पोराने न बघताच दोन उचलून दिल्या. म्हणजे रांग लावायची असेल तर खुशाल लावा, पण आधी ओळखीचा झेरॉक्सवाला शोधा.

माझी कॉलेजातली मैत्रीण बदलापूरहून आदल्या रात्रीच मुक्कामाला आली, चकल्यांचा डबा घेऊन. पहाटे उटणं, मोती साबण, आणि ओल्या केसांनी रिक्षा. कार्यक्रम साडेपाचचा असला तरी पाचच्या आत पोचा, कारण प्रवेशिकेवर आसन क्रमांक नसतो आणि पुढच्या तीन-चार रांगांवर ‘निमंत्रित’ चिकटवलेलं असतं. ते निमंत्रित सात वाजेपर्यंत येत नाहीत. आणि हो, शाल न्या, सांगायचं राहिलंच! एसी आणि ओले केस, दोन्ही एकदम सोसत नाहीत.

साडेपाचला सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, प्रायोजक, प्रायोजकांचे चिरंजीव. गायिका बिचारी तंबोऱ्यामागे बसून होती. ललित राग गायचा होता तिला. त्याची वेळ सूर्योदयाआधीची आणि नोव्हेंबरात इकडे सूर्य साडेसहाच्या पुढेच उगवतो, म्हणून निभावलं. एरवी आपल्या मैफली संध्याकाळच्या, त्यामुळे हा राग त्याच्या वेळेला कानावर पडतोच कुठे?

गाणं थोर वगैरे नव्हतं. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात ती सुरुवातीला थोडी बिचकली, तंबोऱ्याचे सूर हलले म्हणून मध्येच थांबून लावून घेतला. ललितात पंचम (प) नसतो, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला (म) मिळवतात. मग ती शुद्ध मध्यमावरून तीव्र, म्हणजे किंचित चढ्या, मध्यमावर गेली आणि परत आली, अगदी सावकाश, आणि मैत्रिणीने माझं मनगट धरलं. तिला रागातलं काही कळत नाही, तसं ती स्वतःच सांगते. “अगं, हे आत्ता काय केलं तिने? परत करेल का?” केलं. मागच्या काकांनी “हळू बोला” म्हटलं, तेव्हा आम्ही दोघी कॉलेजातल्यासारख्या तोंडावर पदर धरून हसत होतो.

पुढे नाट्यपदं, एक अभंग, भैरवी. निवेदकाने प्रत्येक पदाआधी कोट्या केल्या, त्या सोडून देते.

बाहेर पडलो तर फडके रोड नटून थटून वाहत होता. गणपती मंदिरापाशी तर पाय ठेवायला जागा नाही. फराळ लवकर हवा असेल तर त्या बाजूला जाऊ नका, स्टेशनकडच्या गल्ल्यांतून निघा. आम्ही मुद्दाम गर्दीतूनच गेलो. मैत्रीण वाटभर तो मध्यम गुणगुणत होती, चुकीचा.

यंदा ऑनलाइन नोंदणी आहे म्हणतात. तरी मी आदल्या संध्याकाळी दुकानात चक्कर मारणारच आहे.