पिशवीत उरलेला एक नग

मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, दुरुस्तीला येतं तेव्हा त्याच्यासोबत कॅबिनेटची स्क्रूची पिशवी सहसा येत नाही. ती कुठल्यातरी खणात पडलेली असते, नाहीतर खोक्याबरोबर गेलेली असते. त्या दिवशी मात्र आधी पिशवी टेबलावर आली आणि मग मशीन. आणणारी मुलगी कॉलेजात शिकणारी. एकेक पार्ट जमवून तिने स्वतःच्या हाताने पहिलं मशीन जोडलं होतं. ते सुरू व्हायचं, कामही करायचं, पण मधेच फट्कन बंद पडून पुन्हा चालू व्हायचं. टेबलाला धक्का लागला की हमखास.

"काका, माझ्याकडून हा भाग बसवायचा राहिलाय," असं म्हणून तिने पिशवीतली एक बारीकशी वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. "कागदावर याचं नुसतं चित्र आहे, पुढे 'एक नग' लिहिलंय. कुठे लावायचा ते दिलेलंच नाही. सगळं कॅबिनेट धुंडाळलं, याच्या मापाची जागा सापडत नाही. यामुळेच बंद पडत असणार."

तिची काळजी मला अगदी रास्त वाटली. सगळं जोडून झाल्यावर एक भाग उरला, तर तो नक्की कुठेतरी हवा होता असंच कुणालाही वाटेल.

वस्तू धातूची, जेमतेम सेंटिमीटरभर लांब. एका टोकाला षटकोनी पोकळी आणि दुसऱ्या टोकाला प्लसची खाच, एवढंच. आमच्याकडे नुकताच कामाला लागलेला मुलगा पुढे वाकून बघत होता. "दादा, एम.२ एसएसडीच्या, म्हणजे त्या पट्टीसारख्या डिस्कच्या, खाली लागतो तो स्टँडऑफ, टेकूचा छोटा खांब, असेल," तो म्हणाला. अंदाज वाईट नव्हता, पण तो स्टँडऑफ मदरबोर्डाबरोबर, म्हणजे मशीनच्या मुख्य सर्किट बोर्डाबरोबर येतो, कॅबिनेटबरोबर नाही. शिवाय त्याला आटे असतात. मग त्याने पंख्याचं नाव काढलं. पंख्याचे स्क्रू जाड आणि खरखरीत आट्यांचे असतात, प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात. तेही जुळेना.

अनोळखी भाग हातात आला की मी नाव आठवायच्या भानगडीत आधी पडत नाही. आधी बघतो, त्याला धरून ठेवणारं काय आहे. जी वस्तू मशीनमध्ये कायमची राहणार, तिला आटे हवेत, हुक हवा, चिकट पट्टी हवी, निदान दाबून बसणारी कड तरी हवी. इथे यातलं काहीच नव्हतं. बाहेरून आटे नाहीत, पोकळीतही नाहीत. पिशवीतला एम३, म्हणजे ३ मिमी जाडीचा, स्क्रू पोकळीत टाकून पाहिला, तो नुसताच आत पडला. म्हणजे ही वस्तू कशालाच धरून राहू शकत नव्हती. उरली ती प्लसची खाच. खाच असते ती स्क्रूड्रायव्हरने फिरवण्यासाठी. आणि ज्याला स्वतःचे आटे नाहीत ते फिरवायचं कशाला, तर दुसरं काहीतरी फिरवायला. ते दुसरं काहीतरी षटकोनीच असणार.

पिशवीच्या तळाशी दोन पितळी स्टँडऑफ उरले होते. त्यातला एक टेबलावर उभा केला आणि ती वस्तू वरून ठेवली. टोपी बसावी तशी बसली.

"हा मशीनमध्ये बसवायचा भागच नाही," मी तिला म्हणालो. "हा पाना आहे. स्टँडऑफ आवळायचा आणि काढायचा."

तिचा चेहरा मोकळा झाला, पण लगेच तिने विचारलं, "मग मशीन का बंद पडतं?" प्रश्न बरोबर होता. आणि मला तोवर वाटायला लागलं होतं की उत्तर याच पान्याच्या आसपास आहे.

मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट टेकवत नाहीत. बोर्डाच्या पाठीमागे सोल्डरची शेकडो टोकं उघडी असतात. ती पत्र्याला लागली की शॉर्ट. म्हणून पत्र्यावर आधी हे पितळी खांब बसवतात, साधारण ६.५ मिमी उंचीचे, आणि बोर्ड त्यांच्यावर स्क्रूने धरतात. बोर्डाच्या भोकांभोवती धातूचं कडं असतं, तिथे स्टँडऑफ टेकला तर उलट चांगलंच, अर्थिंग मिळतं. पण भोक नसलेल्या जागी स्टँडऑफ उभा असेल, तर तोच खांब थेट सोल्डरला भिडतो.

भोकांच्या जागा १९९५ साली आलेल्या एटीएक्स मानकाने ठरवून दिलेल्या आहेत. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिमीचा, त्याला सहसा नऊ भोकं. मायक्रो एटीएक्स लांबीला कमी, २४४ गुणिले २४४. वरच्या दोन ओळी दोघांच्या सारख्याच, पण मायक्रोची खालची ओळ बरीच वर सरकलेली. दोन्ही मापांचे बोर्ड घेणाऱ्या कॅबिनेटच्या पत्र्यावर त्यामुळे दोन्हींसाठी भोकं पाडलेली असतात, आणि काही स्टँडऑफ कारखान्यातूनच बसवून येतात.

तिचा बोर्ड पूर्ण एटीएक्स होता. ग्राफिक्स कार्ड उतरवलं, वायरी सोडवल्या आणि बोर्डाचे स्क्रू काढायला घेतले. खालच्या कोपऱ्यातला स्क्रू फिरवला तर स्क्रूबरोबर खालचा स्टँडऑफही फिरायला लागला. तो बोर्डाला घट्ट होता आणि पत्र्याला सैल. बोटांनी आवळलेल्या स्टँडऑफचं हे नेहमीचं लक्षण आहे. बोर्ड उचलून बाजूला ठेवला आणि तिला म्हटलं, "पत्र्यावरचे मोज."

तिने मोजले. दहा.

"आणि बोर्डाला भोकं?"

"नऊ." ती क्षणभर थांबली. "काका, एक आधीपासूनच बसवलेला होता. तो माझ्या बोर्डाला नको हे मला दिसत होतं, पण तो हलेचना. पकडीने धरला तर ओरखडे पडायला लागले, म्हणून राहू दिला."

बोर्ड उलटा करून दिव्याखाली धरला. त्याच जागी, सोल्डरच्या टोकांच्या अगदी लगत, एक पुसट गोल ठसा होता. स्टँडऑफच्या तोंडाएवढा. दहावा खांब टोकांपासून केसभर अंतरावर उभा होता. शेजारचा स्टँडऑफ सैल, वरून ग्राफिक्स कार्डाचं वजन. टेबल हललं की बोर्ड लवायचा आणि टोकं खांबाला लागायची.

पाना मी तिच्याच हातात दिला. तिने तो दहाव्यावर बसवला, खाचेत प्लसचा स्क्रूड्रायव्हर धरला आणि फिरवला. जो पकडीला दाद देत नव्हता तो सरळ सुटून आला. मग उरलेले नऊच्या नऊ तिनेच आवळले. तेवढं मात्र मी जवळ उभं राहून बघितलं, कारण पितळ मऊ असतं आणि पत्रा पातळ. बूड पत्र्याला टेकलं की पुढे अगदी थोडा पीळ, बास. जास्त ताकद लावली तर आटे जातात, आणि पत्र्यातले आटे गेले तर ती जागा कायमची गेली.

स्क्रूंचीही वर्गवारी करून घेतली, कारण पिशवीत दोन्ही जाती मिसळलेल्या होत्या. सहा-बत्तीस जातीचा स्क्रू ३.५ मिमी जाडीचा, इंचाला ३२ आटे; ३.५ इंची हार्ड डिस्कला हाच. एम३ त्याहून बारीक, आटे ०.५ मिमीवर, २.५ इंची एसएसडीला तो. स्टँडऑफच्या तोंडात यातला कुठला जातो ते कॅबिनेटनुसार बदलतं, म्हणून पहिले दोन फेरे हातानेच फिरवून बघायचे. अडला तर तो नव्हे. हे त्या मुलालाही शेजारी बसवून दाखवलं.

बोर्ड परत बसला, कार्ड लागलं. मशीनवर भरपूर लोड टाकून रात्रभर चालू ठेवलं, मधेमधे टेबलही मुद्दाम हलवलं. एकदाही रीस्टार्ट झालं नाही. फक्त समोरचा पॉवरचा दिवा लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मशीन न्यायला आली तेव्हा तिने स्वतःच वाकून पाहिलं, दिव्याची वायर उलटी लागल्याचं ओळखलं आणि फिरवून लावली.