उरलेले २,७०० रुपये

मार्चचे शेवटचे दिवस. सकाळची शाळा सुरू झाली होती. मी ऑफिसात उपयोगिता प्रमाणपत्र भरत बसले होते. वाहतूक भत्ता, लाभार्थी ११, प्राप्त रक्कम ६६,०००, खर्च ६६,०००, शिल्लक निरंक. सही करायला पेन टेकवणार तेवढ्यात दारात दोघं जण येऊन उभे राहिले. एक आमचे जीपवाले मामा आणि दुसरे वस्तीवरचे एक पालक. पालकांच्या हातात बँकेतून नुकत्याच काढलेल्या नोटा होत्या.

"बाई, हे पैसे परत घ्या," ते म्हणाले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत पैसे का आले नाहीत हे विचारायला कितीतरी पालक आले. आलेले पैसे परत करायला आलेले हे पहिलेच.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत प्रभारी मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडे आठवीपर्यंत वर्ग आहेत. गावाच्या पलीकडे, ओढा ओलांडून गेलं की एक वस्ती लागते. तिथली छोटी शाळा पटसंख्या घसरल्यामुळे आमच्या शाळेत समायोजित झाली आणि अकरा मुलं आमच्याकडे आली. आठ जण पाचवीच्या आतले, तिघं सहावी-सातवीतले. शिक्षण हक्क कायद्याखाली राज्याने २०११ साली केलेल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. नसेल तर वाहतुकीची सोय करायची. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेत त्यासाठी मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. शाळेच्या दहा महिन्यांवर वाटली तर महिन्याला ६०० रुपये.

पहिल्या प्रस्तावात अंतर नकाशावरून घेतलं गेलं होतं, २.३ किलोमीटर. म्हणजे पाखराने जावं तसं सरळ. ह्या आकड्याने सहावी-सातवीची तिन्ही मुलं अपात्र ठरत होती. मी मामांच्या शेजारी बसून वस्तीपासून शाळेच्या फाटकापर्यंत जीपच्या मीटरवर अंतर मोजलं. ४.१ भरलं. ओढ्यावर फरशी आहे, पण ती बरीच खाली आहे आणि गाडीरस्ता तिला वळसा घालूनच जातो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला आणि तिन्ही नावं यादीत घालून घेतली. त्या तिघांत ह्या पालकांची सहावीतली मुलगी होती. तिचा धाकटा भाऊ पहिलीत, तोही यादीत.

मामांची काळी-पिवळी. परिवहन समितीच्या बैठकीत परवाना, विमा, फिटनेस सगळं बघितलं, तेव्हा कुठे ठरवलं. मुलामागे ६०० प्रमाणे अकरा मुलांचे ६,६०० महिन्याला. गाडी आमच्या गावात असते. सकाळी रिकामी वस्तीवर जायची, भरून यायची. शाळा सुटली की भरून जायची, रिकामी परत. म्हणजे मुलं आठ किलोमीटर बसतात आणि गाडी सोळा पळते. दर ठरवताना हे अर्धं रिकामं पळणं कुणी धरत नाही. मामांनी धरलं होतं, पण बोलून दाखवलं नाही. "पैसे आले की द्या," एवढंच म्हणाले.

पैसे कधी येतील हे मला जूनमध्ये ठाऊक नव्हतं. अंदाज होता, पण तो मी मामांना सांगितला नाही. हे मला आजही लागतं.

आधी याद्या. मग मुलांची खाती. आईबरोबरचं संयुक्त खातं, त्याला आधार जोडलेलं हवं, नाव आधारवर आहे तसंच हवं. एका आईचं खातं बरीच वर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं. बँकेत त्या माउलीला घेऊन मी तीनदा गेले. ऑगस्ट संपता संपता अकराही खाती तयार झाली, यादी वर गेली. त्यानंतर आम्ही वाट बघत राहिलो. दिवाळी झाली. नाताळ जवळ आला. डिसेंबरच्या मध्यावर मामांनी जीप थांबवली. पंपावरची उधारी बंद झाली होती आणि गाडीचा हप्ता थकला होता. वस्तीकडून त्यांना येणं असलेली रक्कम तोवर ३६,००० च्या वर गेली होती. मी त्यांना अडवू शकले नाही.

मुलं पायी यायला लागली. ओढ्याच्या फरशीवरून पाऊलवाटेने आलं तर अंतर थोडं तुटतं, तरी सहा वर्षांच्या पोराला तास सहज लागतो. पहिल्या आठवड्यात सात जण आले. जानेवारीच्या सुरुवातीला चार. जी गळाली ती सगळी लहान होती, आणि लहानांच्या पाठोपाठ ती सहावीतली मुलगी. ती चालू शकत होती. पण पहिलीतला भाऊ चालू शकत नव्हता, आई-वडील मजुरीला जायचे, मग त्याला सांभाळणार कोण? हिशेब सोपा होता, घराने तो केला.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही दोघी शिक्षिका आणि समितीचे अध्यक्ष अशा तिघांनी मिळून ५,००० रुपये जमवले आणि मामांच्या हातात ठेवले. तेव्हाच्या भावाने महिन्याचं डिझेल तीन हजारांच्या आत बसत होतं. तेवढ्यावर मामा परत सुरू झाले. अकरापैकी दहा आली, तो पहिलीतला भाऊसुद्धा. बहीण आली नाही. मी दोनदा निरोप धाडला. मार्चमध्ये सगळ्यांच्या खात्यात एकाच दिवशी सहा-सहा हजार पडले, तिच्याही.

त्या सकाळी मामांनी पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, वरचं पुठ्ठ्याचं पान निघालेलं, दोऱ्याने बांधलेली. दर पानावर एक महिना. वर अकरा मुलांची नावं त्यांच्या हातची, काही चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाची. खाली तारखा. मूल बसलं त्या दिवशी पेन्सिलीची बरोबरची खूण, न बसलं तर छोटं शून्य. सकाळची खूण वेगळी, परतीची वेगळी. मी हजेरीपत्रक काढून शेजारी ठेवलं. नोव्हेंबरचं पान ताडून बघितलं, एकही दिवस चुकला नव्हता. एका मुलापुढे हजेरीपत्रकात हजर आणि वहीत परतीचं शून्य दिसलं. विचारलं तर म्हणाले, "त्या दिवशी त्याची आत्या आलेली, तिच्यासंगं गेला."

डिसेंबरच्या मधल्या तारखेला आडवी रेघ. त्यानंतर पान कोरं. फेब्रुवारीपासून पुन्हा खुणा, आणि एका नावाखाली ओळीने शून्य, शून्य, शून्य.

वडिलांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "हिचे सहा महिन्यांचे ३,६०० मामांचे. उरलेले सरकारचे. ती बसलीच नाही गाडीत."

"साडेपाच," मामा म्हणाले. "दिवाळीचे पंधरा दिवस गाडी उभी होती. ३,३००."

टेबलावर दोन गड्ड्या झाल्या. ३,३०० ची मामांनी मोजून खिशात घातली. २,७०० ची मधेच राहिली. मी वरच्या कार्यालयात फोन लावला. तिथले बाबू सभ्यपणे बोलले, पण त्यांचंही बरोबरच होतं: रक्कम लाभार्थ्याच्या खात्यात जमा झाली, व्यवहार पूर्ण झाला, परत घ्यायला शाळेकडे लेखाशीर्ष, म्हणजे पैसे जमा दाखवायचं खातं, नाही. मी फोन ठेवला आणि त्यांना म्हटलं, "दादा, हे पैसे परत जात नाहीत. ठेवा तुमच्याकडे."

"कसे ठेवू? पोरगी शाळेत न्यायला दिलेले हायेत ना?"

ह्यावर मला काही बोलता आलं नाही. माझ्या पुढ्यातल्या नमुन्यात लाभार्थी किती, रक्कम किती, एवढंच विचारलं होतं. गाडी किती दिवस आली, मूल किती दिवस बसलं, ह्याला रकानाच नव्हता. ते विचारणारा माणूस समोर उभा होता, आणि त्याचं उत्तर असलेली वही मामांच्या हातात होती.

इथे मला एसटीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. एसटी जिथे पोचते तिथे ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी वेगळ्या बसगाड्या आहेत. तिथेही सवलतीचे पैसे सरकारच भरून देतं. पण ते सरकार आणि महामंडळ आपसात बघून घेतात. मुलीच्या हातात पास असला की सकाळी ती बसमध्ये चढते, तिच्या आईच्या खात्याला आधार जोडलंय की नाही हे कंडक्टर विचारत नाही. आमच्या वस्तीच्या रस्त्यावर मोठी गाडी वळत नाही, म्हणून आमच्या वाट्याला भत्ता आला. योजना वेगळी, पण हेतू तोच, फक्त मधल्या काळात पैसे लावणारा बदलला. तिथे एक महामंडळ आहे. इथे हप्त्यावर जीप घेतलेला एक माणूस सहा महिने शासनाला उसने देत होता. पंपवाल्याने हात आखडला तेव्हा सहावीतली मुलगी घरी बसली.

शाळा सुटली तेव्हा मी जीपमध्ये मुलांबरोबर बसले. पुढच्या सीटवर पहिलीतले दोघं आणि मी. दप्तरं मागे टपाला लटकवलेली. उन्हं चांगलीच चढली होती. ओढ्याच्या उतारावर मामांनी गाडी पहिल्यात टाकली आणि मागची सगळी पोरं सवयीने एकमेकांना धरून बसली, कुणी सांगावं लागलं नाही. वडील सायकलवरून आमच्या आधी पोचले होते.

ती अंगणात धुणं वाळत घालत होती. मला बघून हातातला ओला परकर तसाच धरून उभी राहिली. मी नेहमीचं बोलणार होते, शाळा बुडवू नये वगैरे. तिनेच विचारलं, "बाई, अपूर्णांक झाले का?"

"झाले. आता शेकडेवारी चाललीय."

"मग मला काहीच नाय येणार."

ती घरकामामुळे येत नसेल असं मी धरून चालले होते. घरकाम होतंच. पण जीप परत सुरू झाली त्या सोमवारी ती दप्तर भरून बाहेर आली होती, आणि दीड महिन्याचं बुडालेलं आठवून मागे फिरली होती. भावाला गाडीत बसवून. हे तिच्या आईलाही माहीत नव्हतं. गाडी सहा आठवडे थांबली तर सहा आठवड्यांचं नुकसान होतं असं मी समजत होते. वर्गात माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांचं तेवढंच होतं, कारण त्यांचं मी भरून काढत होते. हिचं थांबलंच नव्हतं, रोज वाढत होतं.

तिथेच ओट्यावर बसून मी तिला भाकरीसारखं गोल काढून चार तुकडे करायला लावले. पाव, अर्धा, पाऊण तिला लगेच आलं. छेद सारखा करायचं पण तिसऱ्या उदाहरणाला जमलं. मामा गाडी वळवून हॉर्न न वाजवता थांबून राहिले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. परीक्षेपर्यंत रोज आली. वडिलांनी त्या २,७०० मधून एप्रिलचे पैसे मामांना आधीच देऊन टाकले. पूर्ण वर्षात त्या वहीत आगाऊ जमा अशी तेवढी एकच नोंद आहे.

प्रमाणपत्रावर मी सही केली. खाली मोकळ्या जागेत लिहिलं: "प्रत्यक्ष वाहतूक झालेले दिवस सोबतच्या झेरॉक्सप्रमाणे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर निधीअभावी वाहतूक बंद. या काळात सात विद्यार्थ्यांची उपस्थिती खंडित." वहीची दहा पानं जोडली. आठवड्याने त्रुटी निघाली, विहित नमुन्यात सादर करावे. मी विहित नमुन्यात सादर केलं. झेरॉक्सचा दुसरा संच समितीच्या ठरावाला जोडून वेगळा पाठवला. ठरावात एकच मागणी होती: पुढच्या वर्षी निदान पहिल्या तीन महिन्यांचे पैसे शाळा उघडायच्या आधी द्यावेत. मुलामागे १,८०० रुपये, अकरा मुलांचे १९,८००. तेवढ्यात गाडी सप्टेंबरपर्यंत कुणाच्या उधारीशिवाय धावते.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी साडेनऊपासून फाटकाशी उभी होते. जीप आली. अकराच्या अकरा उतरली, ती सातवीत गेलेली सगळ्यात शेवटी, भावाचं दप्तर घेऊन. मामा खाली उतरले. काखेत नवी वही होती, वरच्या पानावर नावं लिहून झालेली.

"बाई," त्यांनी विचारलं, "ठरावाचं काही आलं का?"

"नाही अजून," मी म्हटलं. ह्या वेळी पुढचंही सांगितलं, की कदाचित मार्चपर्यंत येणार नाही. ते थोडा वेळ गाडीच्या टायरकडे बघत उभे राहिले. मग पेन्सिल काढून त्यांनी पहिल्या तारखेखाली अकरा खुणा केल्या.