पिन लावताच जळणारा चार्जर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीचे चार्जर बनवणारा एक छोटा कारखाना आहे. गिऱ्हाइकांकडून बोर्ड परत येऊ लागले म्हणून मला बोलावलं. प्रत्येक बोर्डावर चार्जर आयसीच, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिपच गेलेली. भिंगाखाली त्याच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसत होता.

"सर, इथं तर सगळे पास होतात की ओ," टेस्टिंगची मुलगी म्हणाली. होतच होते. ती आधी बोर्ड जोडायची, मग सप्लाय हळूहळू चढवायची.

सांगोल्याचे एक डाळिंबवाले बंद चार्जर घेऊन तिथंच बसले होते. "काका, घरी कसं लावता?" मी विचारलं. "अडॅप्टर भिंतीला कायम चालूच असतोय. पंप आणला की पिन लावायची."

मग तसंच केलं. २४ व्होल्टचा चालू अडॅप्टर, दोन मीटर वायर, नवा बोर्ड, आणि पिन लावली. स्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, व्होल्टेज ४३ पर्यंत उसळलं. आयसीची मर्यादा ३२. इनपुटला वीज साठवणारा, १० मायक्रोफॅरडचा एकच सिरॅमिक कपॅसिटर होता. त्याचा ईएसआर, म्हणजे आतला रोध, नगण्य. वायरला इंडक्टन्स असतो, म्हणजे वाहता करंट ती एकदम थांबू देत नाही; त्या इंडक्टन्समधली ऊर्जा जिरायला जागाच नाही. "मोटार चालू असताना व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइपलाइन दणका देते ना, तसं," म्हटल्यावर काकांना लगेच पटलं.

मालक म्हणाले, "अजून दोन सिरॅमिक टाकू." इथंच बरेच जण फसतात. सिरॅमिक वाढवले की शिरणारा करंट वाढतो, व्होल्टेजची उसळी मात्र जवळपास तेवढीच राहते. शिवाय व्होल्टेज लावलं की सिरॅमिकची क्षमता घटते; २४ व्होल्टखाली त्या १० मायक्रोफॅरडमधले जेमतेम ४ उरत होते. वायरचा इंडक्टन्स साधारण २ मायक्रोहेन्री. उसळी जिरवायला लागणारा रोध म्हणजे इंडक्टन्स भागिले क्षमतेचं वर्गमूळ: २ भागिले ४ चं वर्गमूळ ०.७ ओहम. तेवढ्या ईएसआरचा आणि त्या ४ च्या दहापट क्षमतेचा इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा कपॅसिटर, शेजारी हवा. ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा सोल्डर करून पिन लावली, तर उसळी २८ वर थांबली! सिरॅमिक मात्र काढला नाही. आयसीच्या वेगवान चालू-बंदमुळे होणारा रिपल, म्हणजे करंटची थरथर, तोच पेलतो, म्हणून तो आयसीला चिकटूनच हवा.

मालकांनी ८५ अंश तापमानापर्यंत चालणारा स्वस्त इलेक्ट्रोलायटिक पुढे केला. मी १०५ वर अडून बसलो. मे महिन्यात इथं पारा ४२ च्या वर, त्यात पत्र्याची शेड आणि बंद डबी. दर १० अंश वाढीला इलेक्ट्रोलायटिकचं आयुष्य निम्मं होतं. शेवटी ते तयार झाले, आणि टेस्टिंगच्या टेबलावरही चालू अडॅप्टर आला. आता पिन चालूवर लावल्याशिवाय बोर्ड पास होत नाही.