भाग दुसरा

पंख्याचं गॅरंटी कार्ड शोधायला म्हणून कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीत हात घातला. पुढची रांग ओळखीची, आल्यागेल्याला दिसावी म्हणून लावलेली. मागे आणखी एक रांग आहे हे मी साफ विसरलो होतो. पहिलं पुस्तक ओढलं तशी दोन कसरी सुर्रकन पळाल्या. बांधणीची खळ खाऊन चांगल्या पोसल्या होत्या.

जे निघालं त्याला साहित्य म्हणवत नाही आणि रद्दी म्हणायला जीभ रेटत नाही. घरच्या घरी रेडिओ कसा जोडावा. लघुलेखन तीन महिन्यांत. आणि लॉगॅरिदमची कोष्टकं! पानंच्या पानं नुसते आकडे, क्रियापद एकही नाही. गुणाकाराची बेरीज करून टाकणारी ही युक्ती जॉन नेपियरनं १६१४ मध्ये छापली. पुढची साडेतीनशे वर्षं जहाजांपासून पुलांपर्यंतची आकडेमोड तिच्या जिवावर चालली. १९७२ मध्ये लॉग काढणारा कॅल्क्युलेटर खिशात आला आणि हे पुस्तक फळीच्या मागच्या रांगेत. २० च्या ओळीत ३०१० या आकड्याभोवती कुणीतरी पेन्सिलनं गोल केलाय. का, कोण जाणे. तो आकडा मला अजून पाठ आहे. बायकोचा फोन नंबर नाही.

एका खगोलाच्या पुस्तकात ग्रह नऊ आहेत. प्लूटो १९३० मध्ये सापडला, २००६ मध्ये त्याला पंगतीतून उठवलं. इथे मात्र तो अजून मांडी घालून बसलेला. त्याला कुणी कळवू नये.

कागद सगळे तांबूस झालेले. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन हवेनं-उजेडानं असं रंगतं, आणि ते विरताना थोडं व्हॅनिलिनही सुटतं, म्हणून जुन्या पुस्तकांना तो गोडसर वास. तो वास आवडतो असं म्हणायची रीत आहे. मला शिंका येतात.

ही पुस्तकं आणली कुणी, हे घरात विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. आवडती पुस्तकं प्रत्येकाची असतात, ही कुणाचीच नव्हती. मला वाटतं म्हणूनच ती टिकली. मालक असता तर त्यानं कधीच कुणाला तरी देऊन टाकली असती.

तळाशी एक कादंबरी होती. भाग दुसरा. पहिला भाग या घरात कधीच नव्हता, याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. मुखपृष्ठ गेलेलं, त्यामुळे नावगाव काही नाही. फक्त चाळायचं म्हणून फरशीवरच बसलो. पहिल्याच पानावर अख्खं घर सुन्न बसलंय, कुणीतरी गेलंय. नाव घेत नाहीत, नुसतं ‘ते’ म्हणतात. ‘त्यांची’ खुर्ची, ‘त्यांचा’ चष्मा, जिन्यावरचा ‘त्यांचा’ खोकला.

चाळीस पानं झाली. गॅरंटी कार्ड राहिलंच. आणि ‘ते’ कोण होते याचा पत्ता नाही, पण आता मलाही त्यांच्यावाचून करमेनासं झालंय.