कातळात जागा आहे का? नाशिक–एकलहरे–सिन्नर, एका दिवसाची कार्बन सहल

कार्बन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड (सीओटू) वायू, पकडून जमिनीत पुरण्याचे प्रकल्प नॉर्वे, कॅनडा, आइसलँडमध्ये आहेत. त्यांचे अहवाल घरबसल्या वाचता येतात. पण वाचताना एक प्रश्न सतत टोचत राहतो: यातलं आपल्या दगडाला आणि आपल्या कोळशाला किती लागू पडतं? त्यासाठी नाशिकच्या आसपास तीन-चार ठिकाणं अशी आहेत की अहवाल हातात धरून ती पाहिली, तर निम्मा अभ्यास उभ्याउभ्या होतो. आम्ही सकाळी पांडवलेणी, मग नाशिकरोडवरून एकलहऱ्याचं कोळशाचं वीजकेंद्र, तिथून शिंदे-पळसे मार्गे मोहदरी घाट ओलांडून सिन्नर, आणि परतताना गंगापूर धरणाकडचा एक द्राक्षमद्याचा कारखाना असा फेरा केला. पुढे जाणाऱ्यांसाठी हा तपशील.

पांडवलेणीला पायथ्याशी साडेसातला पोहोचा. नऊनंतर गर्दी होते आणि काळ्या दगडावर ऊन चढतं. दहापट भिंग, लोखंडी खिळा आणि टॉर्च एवढं पुरे. हातोडी गाडीतच ठेवा. लेणी संरक्षित स्मारक आहेत, तिथला खपलासुद्धा काढायचा नाही.

बघायचं ते शिल्पांच्या मधल्या कोऱ्या भिंतीत. लेणी कोरायला एकसंध, घट्ट कातळ लागतो. लाव्हाचा एक थर घेतला तर त्याचा मधला भाग असा घट्ट असतो आणि वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. विहीर खणणारे त्या वरच्या भागाला मांजऱ्या म्हणतात आणि पाणी तिथे किंवा दोन थरांच्या सांध्यात लागतं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. कार्बन पुरण्याचा हिशोबही हाच आहे: मांजऱ्यात वायू साठवायचा, वरच्या घट्ट कातळाने झाकण व्हायचं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वॅलुला इथे २०१३ मध्ये नेमकं हेच केलं. ८२८ ते ८८७ मीटर खोलीवरच्या सच्छिद्र थरांत ९७७ टन सीओटू सोडला. दोन वर्षांनी काढलेल्या गाभ्यात, म्हणजे कोअरमध्ये, नव्याने तयार झालेल्या कार्बोनेट खनिजाच्या गाठी सापडल्या.

लेण्यांच्या भिंतींवर उभ्या-आडव्या भेगा शोधा. लाव्हा थंड होताना आकसतो, तेव्हाच्या त्या. झाकण म्हणवणाऱ्या कातळाला भेगा असतीलच. त्या खोलवर बंद आहेत की उघड्या, हे फक्त बोअर घेऊन, पाण्याचा दाब देऊन कळतं. वरून बघून कोणी ‘आपला दख्खनचा कातळ अभेद्य आहे’ म्हणत असेल तर त्याला इथे आणून भिंत दाखवावी.

खोलीचं गणित इथेच मांडून घ्या. ३१ अंश सेल्सियस आणि ७४ बारच्या वर सीओटू दाट होतो, म्हणून साधारण ८०० मीटर खाली जावं लागतं. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पाने दुसरी वाट धरली: वायू आधी पाण्यात विरघळवायचा, सोड्यासारखा. मग २५ बारच्या आसपास दाब पुरतो आणि ४०० ते ८०० मीटरवर काम भागतं. आपल्याकडे इतका जाड कातळ आहे का? कोयनेला गोठणे इथल्या खोल बोअरमध्ये बेसाल्ट (हाच लाव्हाचा काळा कातळ) १,२४७ मीटर लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट, मध्ये वाळूचा खडक नाहीच. पण कोयनेचा आकडा नाशिकला चिकटवू नका. प्रत्येक ठिकाणाला आपला बोअर लागतो.

दहाच्या सुमारास एकलहरे. आत जायला परवानगी लागते आणि ती काही आठवडे आधी, संस्थेच्या पत्रावर, प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या प्रतीसह मागावी. ती नसेल तर बाहेरच्या रस्त्यावरून चिमण्या, कूलिंग टॉवर, राखेची वाहतूक एवढं दिसतं आणि अभ्यासाला तेवढं चालतं. फाटकाचे फोटो काढू नका. सुरक्षारक्षकाशी वाद घालण्यात तास जातो.

सध्या चालू असलेले संच तीन, प्रत्येकी २१० मेगावॉट. भार ६० टक्के धरा, एका युनिट विजेमागे साडेनऊशे ग्रॅम सीओटू धरा. एका संचाचे तासाला १२० टन, तिन्ही मिळून दिवसाला सुमारे ८,६०० टन. तुलनेला, विंध्याचलला एनटीपीसीचा जो पकडण्याचा संच आहे तो दिवसाला २० टनांचा. हे दोन आकडे शेजारी लिहिले की आपण कुठे आहोत ते समजतं.

आता पकडायचं कसं. चिमणीच्या धुरात सीओटू १२ ते १४ टक्केच, बाकी बहुतेक नायट्रोजन. धूर अमाइन या नायट्रोजनयुक्त रसायनाच्या द्रावणातून नेतात, अमाइन सीओटू धरून ठेवतं, मग ते १२० अंशांच्या आसपास तापवून वायू सोडवतात. दर टनामागे साडेतीन गिगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते. एका संचातला ९० टक्के वायू पकडायचा तर तासाला १०८ टन, म्हणजे सतत १०५ मेगावॉट उष्णता टर्बाइनच्या वाफेतून काढून द्यायची. पंखे आणि कॉम्प्रेसर धरले तर संचाची वीज वीस ते पंचवीस टक्क्यांनी घटते.

कॅनडातल्या बाउंड्री डॅमचा धडा इथे सगळ्यात जास्त कामाचा आहे. २०१४ मध्ये सुरू झालेला, कोळशाच्या वीजकेंद्राला जोडलेला तो पहिला मोठा प्रकल्प. वर्षाला दहा लाख टन हे उद्दिष्ट. सुरुवातीची वर्षं त्याला छळलं ते राखेने आणि अमाइनच्या नासण्याने. उडती राख धुराबरोबर आत शिरली, उष्णता-विनिमयकांच्या पट्ट्यांत आणि थेंब अडवणाऱ्या जाळ्यांत साचली, दाब वाढला, धुवायला वारंवार बंद ठेवावं लागलं. राखेतल्या धातूंमुळे अमाइन लवकर नासतं तेही वेगळंच. आपल्या कोळशात राख ३५ ते ४५ टक्के. म्हणजे तिकडे जो त्रास होता तो इकडे आधीच गृहीत धरून राखेची गाळणी दुप्पट चोख हवी. सल्फर डायऑक्साइडही आधी १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) खाली आणावा लागतो, नाहीतर तो अमाइनशी कायमचा जोडला जाऊन तापवूनही न सुटणारे क्षार बनवतो. गंधक काढण्याची यंत्रणा नसलेल्या केंद्रात अमाइनचा मनोरा उभारणं म्हणजे गाळणी न लावता चहा ओतणं.

त्याच प्रकल्पाच्या चुकांवरून शिकायला रेजायना इथे २०१६ मध्ये एक स्वतंत्र ज्ञानकेंद्र निघालं. त्यांनी बाउंड्री डॅमशेजारच्या शँड वीजकेंद्रासाठी २०१८ मध्ये अभ्यास केला. त्यात दर टनामागचा भांडवली खर्च पहिल्यापेक्षा ६७ टक्के कमी आणि पकडण्याचा खर्च टनाला ४५ अमेरिकी डॉलर निघाला. कागदावरचा आकडा आहे, प्रकल्प बांधून झालेला नाही, हे लक्षात ठेवूनच वापरा.

जेवण मोहदरी घाटाआधी, शिंदे-पळसेच्या पट्ट्यात उरका. पुढे माळेगाव एमआयडीसीत गारगोटी हे खनिज संग्रहालय आहे. वेळ आणि तिकीट आधी फोन करून विचारा, दोन तास हाताशी ठेवा. गट असेल तर आत बोलायचं नाही असं ठरवून घ्या, चर्चा बाहेर. या सहलीचा खरा मुक्काम हाच आहे.

काचेआड स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, अपोफिलाइट आणि कॅल्साइट. सगळी याच कातळाच्या पोकळ्यांत वाढलेली. लोक रंग बघतात. तुम्ही आधी कॅल्साइट शोधा: तिरक्या चौकटीत फुटणारा, खिळ्याने ओरखडा उठेल इतका मऊ (ओरखडा मनातल्या मनात). बेसाल्टमधलं कॅल्शियम आणि पाण्यात विरघळलेला सीओटू यांचं निसर्गाने केलेलं लग्न म्हणजे तो. आम्लाने खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सुटतं, आम्लता उतरते आणि कार्बोनेट बसतं. कार्बफिक्सने २०१२ मध्ये १७५ टन शुद्ध सीओटू आणि नंतर ७३ टन मिश्र वायू असाच सोडला. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त दगड झाला. पुरावाही गमतीचा आला: निरीक्षण विहिरीतला पाणबुडी पंप कॅल्साइटने चोंदून बंद पडला.

आता तीच काच दुसऱ्या नजरेने बघा. ती पोकळी भरलेली आहे. आइसलँडचा बेसाल्ट कोवळा, वॅलुलाचा सुमारे दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, दख्खनचा साडेसहा कोटींच्या पुढचा. एवढ्या काळात पाण्याने आपल्या मांजऱ्याची बरीचशी भोकं झिओलाइट (स्टिल्बाइट, स्कोलेसाइट वगैरे खनिजांचं कुळ) आणि कॅल्साइटने बुजवून टाकली आहेत. शोकेसमधला सुंदर गुच्छ हा पंप चालवणाऱ्याच्या दृष्टीने बुजलेला नळ. शिवाय झिओलाइटलाही कॅल्शियम लागतं, म्हणजे जो कच्चा माल कार्बनला हवा तो आधीच दुसऱ्याने पळवलेला. म्हणून ‘आइसलँडमध्ये झालं, दख्खनमध्ये होईलच’ हे वाक्य ऐकलं की दोनच आकडे मागायचे: त्या खोलीवरची सच्छिद्रता किती आणि पारगम्यता, म्हणजे पाणी-वायू वाहू देण्याची क्षमता, किती. रसायन जुळतं. जागेचं अजून सिद्ध व्हायचंय.

परीक्षा घ्यायची असेल तर संग्रहालयाबाहेर, चालू नसलेल्या खाणीच्या ढिगातला खडा मालकाला विचारून घ्या. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब: कॅल्साइट लगेच फसफसतो, झिओलाइट ढिम्म. हातमोजे आणि चष्मा लावा, ड्रॉपरची बाटली दुहेरी पिशवीत ठेवा. व्हिनेगर वापरायचं तर आधी खडा खरवडून भुकटी करावी लागते, नाहीतर काहीच दिसत नाही आणि लोक ‘कॅल्साइट नाही’ म्हणून फेकून देतात.

पाण्याचा हिशोब सिन्नरच्या मंडळींनाच विचारावा असा आहे. कार्बफिक्सच्या पद्धतीत एका टनाला सुमारे २५ टन पाणी. एकलहऱ्याचे ९० टक्के, म्हणजे दिवसाला ७,८०० टन पुरायचे तर रोज साडेएकोणीस कोटी लिटर, वर्षाला अडीच टीएमसी. गंगापूर धरणाचा साठा ५,६३० दशलक्ष घनफूट. निम्म्याला थोडंसंच कमी. ते पाणी त्याच थरातून उपसून परत सोडता येतं, पण तेवढं देणारा थर लागतो. जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावर टंचाईच्या वर्षी काय होतं ते पाहता, वॅलुलाची कोरडी पद्धत (वायू पाण्यात न विरघळवता सोडण्याची) आपल्याकडे जास्त विचार करण्याजोगी वाटते.

संध्याकाळचा मुक्काम, म्हणजे द्राक्षमद्याचा कारखाना, जानेवारी ते मार्चमध्येच धरा, तेव्हा द्राक्षं चिरडून आंबवणं चालू असतं. लिटरला २२० ग्रॅम साखर असेल तर १०७ ग्रॅम सीओटू सुटतो. दहा हजार लिटरची टाकी म्हणजे टनभर, आणि जवळजवळ शुद्ध. अमाइनची गरजच नाही: धुवायचा, वाळवायचा, दाबायचा. अमेरिकेत डेकॅटरला मक्याच्या इथेनॉल कारखान्यातला असाच वायू २०११ ते २०१४ मध्ये, सुमारे दहा लाख टन, २,१०० मीटर खाली पुरला. तिथे कारखाना बारमाही आणि एकाच जागी आहे. इथे तीन महिने आणि पन्नास टाक्या पन्नास ठिकाणी, म्हणून पुरण्यापेक्षा विकण्याकडे बघावं. त्याच डेकॅटरला २०२४ मध्ये खोल निरीक्षण विहिरीची नळी गंजल्याचं उघड झालं. ओला सीओटू पोलाद खातो. वायू सोडायच्या विहिरीइतकंच लक्ष बघण्याच्या विहिरीच्या धातूकडे द्यावं लागतं.

तळघरात शिरताना एक धोका नीट समजून घ्या. विहिरीत कंदील सोडून बघण्याची जुनी पद्धत इथे फसवते. हवेत ४ टक्के सीओटू झाला की जिवाला धोका, पण तेव्हा ऑक्सिजन २१ वरून फक्त २० पर्यंत उतरलेला असतो. कंदील जळत राहतो, १९.५ वर वाजणारा ऑक्सिजन मीटरही गप्प. सीओटूचा स्वतंत्र मीटर मागा, ५,००० पीपीएमला बाहेर या, आणि मुलांना आत नेऊच नका, वायू जड असल्याने खाली साचतो. मिसिसिपीत सातार्शिया इथे २०२० मध्ये पावसाने माती सरकून सीओटूची पाइपलाइन फुटली तेव्हा लोकांच्या गाड्यांची इंजिनंही बंद पडली, पळता येईना. कसारा घाटातून अशी लाइन न्यायची म्हणणाऱ्यांनी तो चौकशी अहवाल आधी वाचावा.

वाचनाबद्दल. निघण्याआधी यशाचे नाही, फसलेल्यांचे कागद वाचा. नॉर्वेचा स्नोव्हिट: २००८ ला सुरू, थरात दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढला, विहिरीजवळ मीठ साचलं, २०११ मध्ये वरच्या थरात सरकावं लागलं. अल्जीरियातलं इन सलाह: ३८ लाख टन पुरल्यावर झाकणाच्या खडकाबद्दल शंका आली, २०११ मध्ये थांबवलं. जमीन मिलिमीटरमध्ये फुगल्याचं उपग्रहाने टिपलं होतं. ब्रिटनमध्ये अशा प्रकल्पांना सरकारी पैसा देण्याची स्पर्धाच २०१५ मध्ये रद्द झाली, पण त्यातल्या पीटरहेड आणि व्हाइट रोझ या प्रकल्पांचे आराखडे सरकारने खुले केले. न फसलेल्यांपैकी कॅनडातल्या क्वेस्ट प्रकल्पाचे वार्षिक अहवाल अल्बर्टा सरकारच्या अटीमुळे जाहीर होतात, कारण पैसा सरकारचा होता. नॉर्वेच्या स्लाइपनर प्रकल्पाचा भूकंपीय डेटा तर संशोधकांसाठी खुलाच आहे. प्रत्येक आकड्यापुढे चार गोष्टी लिहायची सवय लावा: तो पकडलेला टन की टाळलेला टन (पकडायला खर्ची पडलेल्या विजेचा धूर वजा केला की नाही), कोणता डॉलर, कोणतं वर्ष, आणि टन मेट्रिक की अमेरिकी ९०७ किलोचा. या चार रकान्यांशिवाय केलेली तुलना परतीच्या वाटेवर गाडीतच कोसळते.

वाहन टेम्पो ट्रॅव्हलरच बरं, १२ जण आणि एक फळा बसतो. पावसाळ्यात जाऊ नका, लेण्यांच्या भिंती ओल्या असल्या की थर आणि भेगा ओळखू येत नाहीत. आणि गटात एखादा बोअरवाला जरूर घ्या. कोणत्या गावात किती फुटांवर मांजऱ्या लागला, कुठे पाणी नुसतं गायब झालं, हे त्याच्या वहीत असतं. ती वही कोयनेच्या कोअरच्या नोंदींशेजारी ठेवून बघायला कऱ्हाडच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेची वेगळी सहल करावी लागेल. तिथेही परवानगीचं पत्र आधी.