या वयात बिडी सोडून काय मिळवायचंय?

आमच्या पारावर बिडीचा विषय निघाला की तीन वाक्यं ठरलेली. "माझा आजा नव्वदीपर्यंत ओढत होता, त्याला काय झालं?" "बिडी पानाची असते, तिच्यात सिगारेटसारखं केमिकल नसतं." आणि सगळ्यांना गप्प करणारं तिसरं: "आता या वयात सोडून काय मिळवायचंय?" मी साठी ओलांडल्यावर बिडी सोडली. तलफेने छळलंच, पण मला जास्त अडवलं ते या तीन वाक्यांनी. म्हणून हे सविस्तर लिहितोय, माझ्या वयाच्या माणसांसाठी.

मी सिन्नरचा. आमच्या गल्लीत घरोघरी बिड्या वळल्या जायच्या. आई मांडीवर सूप घेऊन बसायची. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मापाने कापलेली टेंभुर्णीची पानं. पानावर चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायची, तोंड मुडपायचं, दोऱ्याचे वेढे देऊन दोरा तोडायचा. नजर आमच्या पाढ्यांवर आणि हात बिडीवर. हजार बिड्या झाल्या की दिवस सार्थकी लागला. त्याच पैशातून आमच्या वह्या आल्या, त्यामुळे बिडीला वाईट म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आईने जन्मात बिडी तोंडाला लावली नाही, पण तंबाखूच्या उडत्या भुकटीने ती रात्र रात्र खोकायची. त्या खोकल्याला तेव्हा कुणी आजार म्हटलं नाही.

पारावर हे सगळं रोज निघतं. तात्या सांगतात, आजोबांनी "इंगळ आण रे" म्हटलं की चिमट्यात निखारा धरून पळायचं आणि वाटेत फुंकर घालून तो लाल ठेवायचा. मास्तरांना वडाची वाळकी पारंबी पेटवून ओढल्यावर लागलेला ठसका आठवतो. फँटमच्या गोड सिगारेटी ओठात धरून थंडीत तोंडातून वाफ सोडायची, रस्त्यावरची रिकामी पाकिटं गोळा करून डाव मांडायचे, चारमिनारच्या पाकिटांची चळत खिशात घालून मिरवायचं. एसटीत, थेटरात, दवाखान्याच्या ओट्यावर माणसं बिनदिक्कत ओढायची. सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ ला लागू झाले, तोवर आमचे केस पिकायला लागले होते. या आठवणी मला फार प्रिय आहेत. त्यांना सगळ्यांना धुराचा वास आहे, आणि बिडी सुटली तर या गप्पांमधलं आपलं स्थानही सुटेल, अशी भीती मला खरोखर वाटत होती.

दम लागायला लागला तेव्हा मुलाने नाशिकला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे फुंकण्याची तपासणी झाली. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि छाती भरून श्वास घेऊन एका झटक्यात सोडायला सांगतात. शेजारची मुलगी ओरडत होती, "सोडा काका, सोडा, सोडा, अजून, अजून!" मला वाटलं सगळी हवा संपली, पण पडद्यावरची रेघ हळूहळू सरकतच होती. निरोगी माणूस पहिल्याच सेकंदात बहुतेक हवा बाहेर टाकतो. औषधाचा फवारा देऊनही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत असं धरतात. माझं खालीच राहिलं. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार.

डॉक्टरांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. पण वयानुसार फुप्फुसाची ताकद सगळ्यांचीच घटते, बिडी ओढणाऱ्याची जास्त वेगाने घटते, आणि बिडी सोडली की तो वेग पुष्कळ कमी होतो. पानाच्या बिडीचा मुद्दा मीच काढला. ते म्हणाले, टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी झुरके जोरात आणि वारंवार घ्यावे लागतात. परिणामी निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाहीत, उलट जास्तच जातात. ज्या घरात बिड्या वळल्या गेल्या तिथल्या माणसाला हे उतारवयात कळावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच सुमारास आबांना भेटायला गेलो. आबा म्हणजे आमच्या पाराचा आवाज. आता त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असतं आणि नाकातल्या नळीची लांबी जेवढी, तेवढंच त्यांचं जग. मोरीपर्यंत जायला मध्ये खुर्ची ठेवलीय, तिच्यावर बसून दम खायचा आणि मग पुढे. माझ्याशी बोलताना प्रत्येक दोन-तीन शब्दांनी थांबत होते. "मरायचंय... त्याचं काही... नाही रे," म्हणाले, "हे मधलं... फार लांबतं." पारावर आम्ही नेहमी म्हणायचो, मरायचंच आहे तर ओढून मरू. या मधल्या वर्षांबद्दल कुणीच कधी बोललं नव्हतं.

सोडायचं ठरवल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "उठल्यापासून अर्ध्या तासात पेटवता का?" मी पाच मिनिटांत पेटवत होतो, कारण त्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही. माझ्या वयाच्या निम्म्या पुरुषांची हीच अडचण असेल, म्हणून संकोच न करता लिहितो: पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होतं, ते अपेक्षित असतं. कोमट पाणी, रात्री इसबगोल आणि सकाळची फेरी, यावर ते निभावलं. निकोटिनची च्युइंगम दिली, पण आधी हृदयाची तपासणी करून. ती सुपारीसारखी चघळायची नाही. जरा चावून तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, त्या ओसरल्या की पुन्हा चावायची. ती तोंडात असताना आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी काही घ्यायचं नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. माझी चहा आणि बिडीची गाठ खरी या नियमानेच सुटली.

पहिला आठवडा वाईट गेला. चिडचिड, झोप नाही, नातवावर विनाकारण आवाज चढायचा. एवढं मात्र कळलं की तलफ लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं काढायची. मी लवंग दाताखाली धरायचो आणि अंगणात फेऱ्या मारायचो. अगदीच राहवेना तेव्हा तात्यांच्या सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या व्यक्तीने उपदेश केला नाही. बिडी कधी आठवते, कुणाबरोबर आठवते, एवढंच शांतपणे विचारत गेली.

कुणाबरोबर, हाच माझा प्रश्न होता. पार सोडायचा नव्हता. महिनाभर मी सकाळीच जायचो, कारण धुराची बैठक संध्याकाळची. पुढे संध्याकाळीही जाऊ लागलो, पण वारा ज्या बाजूने येतो तिकडे बसायचो. "वहिनींनी दम दिला काय?" "महाराज झाले आमचे!" असं चालायचंच. त्या चेष्टेत माया आहे, मी ती पन्नास वर्षं ओळखतो. एकदा नव्वदीच्या आजोबांचा दाखला निघाला, तेव्हा मी म्हटलं, आपल्या गल्लीत ओढणाऱ्या सगळ्यांची नावं घेऊ, फक्त जगलेल्यांची नको. नावं निघू लागली. मास्तरांचा थोरला भाऊ, अटॅक, पन्नाशीही नव्हती. कोपऱ्यावरचे शिंपीकाका, घशाचा कॅन्सर, मुंबईला टाटाच्या फेऱ्या. नानांचा मेहुणा. तात्यांचे स्वतःचे वडील. नव्वदीचे आजोबा दोनच निघाले. जे लवकर गेले ते पारावर येऊन आपली गोष्ट सांगू शकत नाहीत, म्हणून आम्हाला आजोबाच तेवढे आठवत होते.

तिसऱ्या वाक्याचं उत्तर मला रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकाच्या अभ्यासात मिळालं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयी १९५१ पासून ५० वर्षं नोंदवून निष्कर्ष २००४ मध्ये छापले गेले. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी भरलं. तिशीत सोडणाऱ्यांची ती जवळपास सगळी वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडणाऱ्यांची ३. मी पारावर हे आकडे वाचून दाखवले. तात्या म्हणाले, "तीनच?" मी म्हटलं, नातीचं लग्न तीन वर्षांत आहे ना?

परवाच्या तपासणीत माझा आकडा वाढलेला नाही, पण घसरलेलाही नाही. गोंदेश्वराच्या देवळापर्यंत आता न थांबता जातो. तात्यांची सिगारेट चालूच आहे, मास्तर च्युइंगमवर आलेत. डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितलीय आणि फ्लूची दरवर्षी, तेव्हा पुढच्या आठवड्यात मास्तरांना घेऊन नाशिकला जाणार आहे. त्यांचीही फुंकण्याची तपासणी करून घेऊ.